हातगुण

नाक, हनुवटी, कपाळ. लेबर रूममध्ये मी शिकलेली पहिली गोष्ट ही.

जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला होते, एकोणीस वर्षांची. जिल्हा रुग्णालयातली रात्रपाळी. आमच्या परिसेविका बाईंनी माझं मनगट धरलं आणि माझा पंजा एका पहिलटकरणीच्या पोटावर, बेंबीच्या वरच्या अंगाला ठेवला. म्हणाल्या, "दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या नाकाच्या शेंड्याला लावून बघ. पोट तेवढं लागलं तर कळ हलकी. हनुवटीसारखं लागलं तर मध्यम. आणि कपाळासारखं लागलं, बोट रुततच नाही, ती बाळ खाली आणणारी कळ. आता घड्याळ बघ. दहा मिनिटं हात उचलायचा नाही."

दहा मिनिटं केवढी असतात ते मला त्या रात्री कळलं. पहिली दोन मिनिटं काहीच नाही. मऊ पोट, त्यावर घामेजलेला माझा हात, मधूनच बाळाची एखादी ढुशी. मग तळव्याखाली काहीतरी जमा व्हायला लागलं. ती तेव्हा मावशींकडे पाणी मागत होती, तिच्या चेहऱ्यावर अजून काही उमटलं नव्हतं, पण माझ्या हाताला कळ आलेली समजली होती. पोट आवळत वर उचललं गेलं, घट्ट झालं, मग टणक. तेव्हा कुठे तिने डोळे मिटले आणि ओठ दाताखाली धरला. बाईला दुखायच्या आधी कळ पोटावरच्या हाताला कळते. आणि "गेली गं बाई" म्हणून ती सुस्कारा सोडते, तेव्हाही हाताखालचं पोट पुरतं सैल व्हायला अजून थोडा वेळ असतो. दहा मिनिटांत तीन कळा आल्या. मी कागदावर तीन चौकोन भरले.

त्या कागदाला पार्टोग्राफ म्हणतात. एका पानावर सगळं बाळंतपण चढत जातं: गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं, बाळाचं डोकं किती खाली आलं, ठोके किती, आईची नाडी, बीपी, पाणी कसं आहे. कळांसाठी खाली छोटे चौकोन असतात. वीस सेकंदांच्या आतली कळ असेल तर चौकोनात टिंबं, वीस ते चाळीस सेकंदांची असेल तर तिरप्या रेघा, चाळीसच्या पुढची असेल तर चौकोन पुरता काळा. दर अर्ध्या तासाने दहा मिनिटं. ठोक्यांना, बीपीला यंत्र आहे, या चौकोनांसाठी आमच्यासारख्या रुग्णालयात आजही हातच लागतो.

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. आता मी पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका आहे, आणि नोकरीतला बहुतेक काळ लेबर रूममध्येच गेला. दुसऱ्या वॉर्डला बदली मागायची संधी दोनदा आली, मागितली नाही. बाळंतीण घरी जाताना तिची आई किंवा सासू येते, हातात पेढ्याचा नाहीतर बर्फीचा पुडा ठेवते आणि म्हणते, "सिस्टर, तुमचा हातगुण चांगला." (मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी. पुड्याच्या वजनात फरक असतो तो मला अजून सलतो, पण त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.) हातगुण या शब्दावर मी बरीच वर्षं विचार करते आहे.

आमच्या गावात एक सुईण होती. तिच्या हाताला यश आहे असं पंचक्रोशीत म्हणायचे. आजीची सगळी बाळंतपणं तिनेच केली. आजीला नऊ झाली, सहा जगली. गेलेल्या तिघांपैकी दोघं पाचवीच्या पुढेमागे गेली. चांगलं दूध पिणारं बाळ एकाएकी दूध ओढेनासं व्हायचं, जबडा मिटायचा, हात लावला की अंग धनुष्यासारखं ताठ. घरात म्हणत, सटवाईने नेलं. तो धनुर्वात होता, आणि नाळ कापलेल्या विळ्यावरून आला होता, हे मला जीएनएमच्या पहिल्या वर्षी वर्गात बसल्या बसल्या समजलं. त्या दिवशी मी मेसमध्ये जेवले नाही. सुईणीचा राग आला असं नाही. आजी सांगायची की ती दोन दोन रात्री उशाशी बसून राहायची, कंबर दाबून द्यायची, पायाळू मूलसुद्धा सोडवायची. तिचा हात चांगलाच होता. विळा निर्जंतुक करायचा असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे गरोदरपणात आईच्या दंडात दिलेलं इंजेक्शन आणि नाळेला स्वच्छ ब्लेड, एवढ्यावर तो आजार मागे हटला. २०१५ साली माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा मी ड्युटीवर होते. आजीला सांगायला ती राहिली नव्हती.

विळ्याचं सोडाच, नुसता हातसुद्धा मारू शकतो. व्हिएन्नाच्या रुग्णालयातल्या सेमेलवाइस या डॉक्टरची गोष्ट आम्हाला शिकवताना पाच मिनिटांत संपवली होती. मला ती पुढे वाचून कळली. तिथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपणं करायचे, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतपणानंतरच्या तापाने, कितीतरी जास्त बायका मरायच्या. गावातल्या बायकांना हे ठाऊक होतं, सुईणींच्या विभागात घ्या म्हणून त्या हातापाया पडायच्या. १८४७ मध्ये सेमेलवाइसच्या एका सहकाऱ्याला शवविच्छेदन करताना सुरी लागली आणि तो त्याच लक्षणांनी गेला. तेव्हा याच्या ध्यानात आलं की शवागारातून थेट बाळंतिणीकडे येणाऱ्या हातांबरोबर काहीतरी येतंय. त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. त्या एप्रिलमध्ये शंभरामागे अठरा बायका मेल्या होत्या, जूनमध्ये दोन. आणि तरी बड्या डॉक्टरांनी ते बरीच वर्षं मानलं नाही, कारण मानलं असतं तर आधीच्या सगळ्या बायका आपल्या हातांनी गेल्या हेही मानावं लागलं असतं.

आमच्या बेसिनवर 'सुमन के' लिहिलेलं आहे, हात धुताना काय काय चोळायचं ते. सीधा, उल्टा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई. नवीन मुली पाठ म्हणतात आणि गर्दीत विसरतात. मी विसरू देत नाही. त्यांना मी कडक वाटते. वाटू दे.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला इतकी वर्षं लागली.

नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली होती. २००५ मध्ये दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आली आणि दवाखान्यात बाळंतपणाला येणाऱ्या बायका भराभर वाढल्या. ते चांगलंच झालं. त्या वेळच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात शंभरातली पासष्ट बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ च्या पाहणीत ती पंचाण्णवच्या घरात गेली. दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००१-०३ मध्ये १४९ होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. या आकड्यांत माझ्यासारख्या हजारो बायकांच्या रात्री आहेत आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्या वर्षांत खाटा तेवढ्याच होत्या, आम्हीही तेवढ्याच होतो. एका रात्रीत नऊ-दहा बाळंतपणं, एका खाटेवर दोघी, तिसरी खाली सतरंजीवर. आणि लेबर रूममध्ये बोलायची एक भाषा तयार झालेली होती, ती मी सीनिअरांकडून उचलली. "ओरडू नकोस." "तुलाच एकटीला होतंय का?" "तेव्हा नाही ओरडलीस ती?" शेवटचं वाक्य लिहिताना माझे कान आजही तापतात. मी ते म्हटलेलं आहे, एकदा नव्हे, कितीतरी वेळा.

त्या रात्री टेबलावर एक एकोणीस वर्षांची मुलगी होती. पहिलं बाळंतपण. डोकं दिसायला लागलं होतं आणि ती घाबरून मांड्या मिटत होती, कंबर वर उचलत होती. बाळाचे ठोके कळेबरोबर खाली जात होते. शेजारच्या टेबलावर दुसरी कण्हत होती. मी तिला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तिच्या मांडीवर चापट मारली. जोरात. गोऱ्या मांडीवर माझी चार बोटं उठली. ती गप्प झाली. पाय बाजूला घेतले, कळ दिली, बाळ झालं, लगेच रडलं. सगळं नीट पार पडलं. टाके घालत होते तेव्हा ती वरच्या पंख्याकडे बघत हळूच म्हणाली, "सिस्टर, चुकलं माझं. मला जमत नव्हतं."

तिने माझी माफी मागितली. मी काहीच बोलले नाही. रजिस्टर भरलं, सकाळच्या सिस्टरला ओव्हर दिला, म्हणजे पेशंट सोपवले, घरी गेले. दुपारी माझ्या मुलीला अंघोळ घालताना तिच्या मांडीवर पाणी ओतलं आणि हात तिथेच थांबला. संध्याकाळी वॉर्डात जाऊन तिला भेटायचं ठरवलं होतं, पण माझी हिंमत झाली नाही. तिसऱ्या दिवशी तिला डिस्चार्ज मिळाला. तिचा चेहरा मला आता नीट आठवत नाही, बोटं आठवतात.

बाळाच्या जिवासाठी मारलं असं लोक म्हणतात, मीही स्वतःला म्हणून पाहिलं. ते खरं नाही. कळ देणारी बाई चापटीने ऐकत नाही, गोठते. भीतीने अंग आवळतं, श्वास अडकतो. तिच्या कानाशी जाऊन, तोंडाकडे बघून, "आता नको, कळ येऊ दे... आली बघ, हनुवटी छातीला लाव, खाली जोर" असं सांगितलं की दहातल्या नऊ जणी ऐकतात. त्यासाठी कळ कधी येणार ते मला आधी कळलं पाहिजे, आणि ते कळायला हात पोटावर पाहिजे. फिरून मी त्याच दहा मिनिटांशी येते.

हात पोटावर ठेवायचा, दाबायचा मात्र नाही. हेही ठामपणे लिहायला हवं, कारण अजून चालतं. बाळ अडलं की कुणीतरी बाजूने चढून पोटावरून खाली रेटतं. नातेवाइकांना वाटतं, वा, मदत केली. त्याने पिशवी फाटू शकते, बाळाला इजा होऊ शकते. आणि "एक इंजेक्शन द्या, लवकर मोकळी करा" हा हट्ट. कळा वाढवणारं औषध जिला गरज आहे तिलाच, सलाईनमधून, मोजून थेंब, आणि शेजारी माणूस बसलेला पाहिजे. दहा मिनिटांत पाचाच्या वर कळा गेल्या, दोन कळांच्या मध्ये पोट सैलच होत नसेल, तर बाळाला त्या वेळात पुरेसा प्राणवायू पोचत नाही, सलाईन ताबडतोब बंद करायची. हे सांगणारा हातच. सलाईन लावून निघून जाणारी सिस्टर मला चालत नाही. यावरून माझी भांडणं झाली आहेत आणि पुढेही होतील.

दसरा-दिवाळीच्या पुढे आमच्याकडे लेबर रूमची बोली बदलते. बीड, जालना, परभणीकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत काम. एक दिवस गेला की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. या बायका नवव्या महिन्यापर्यंत मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढवतात. तिकडच्या आशाताईंनी भरलेलं कार्ड गावी कपाटात राहिलेलं असतं, रक्त किती, सोनोग्राफीत काय, काही सांगता येत नाही. फडातून थेट येतात. हातापायांवर उसाच्या पात्यांनी कापलेल्या बारीक रेघा.

अशीच एक जानेवारीत पहाटे आली. तिसरं बाळंतपण. पापणी उलटून बघितली तर पांढरी फटक. तासाभरात बाळंत झाली, मुलगा, रडला, छातीवर दिला. मिनिटाच्या आत तिला पिशवी आकसवणारं ऑक्सिटोसिनचं दहा युनिटांचं इंजेक्शन दिलं, वार पूर्ण पडली, तपासून घेतली. मग सवयीने हात पोटावर. बाळ झाल्यावर पिशवी बेंबीखाली टणक चेंडूसारखी लागायला पाहिजे. ती आकसली की वार जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्या तिच्याच स्नायूंत आवळून बंद होतात. निसर्गाने केलेली ती गाठ आहे. माझ्या हाताला चेंडू लागला नाही. भिजलेल्या कणकेसारखं काहीतरी लागलं, आणि खाली रक्ताचा आवाज आला. हो, आवाज येतो. टेबलावरून बादलीत पडणाऱ्या रक्ताचा आवाज ज्याने ऐकला आहे त्याला तो झोपेतही ओळखू येतो.

नवव्या महिन्यात पिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरच्या पुढे रक्त येत असतं. ती सैल राहिली तर बाई जायला फार वेळ लागत नाही, आणि जिचं रक्त आधीच कमी तिला तर त्याहून कमी. डोळ्यांनी केलेला अंदाज नेहमी कमी निघतो, म्हणून बाईच्या खाली रक्त साठवणारी, मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावतात. तशी एक पिशवी आपल्या शेजारच्या बेळगावातच, तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधनातून तयार झाली आहे. आमच्याकडे त्या रात्री ती नव्हती. मी मावशींना हाक मारली, डॉक्टरांना फोन, दोन्ही हातांना सलाईन, एकात वीस युनिट ऑक्सिटोसिन, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड शिरेतून, लघवीची नळी. एका हाताने पोटावरून पिशवी चोळत राहिले. आवळायची, परत सोडायची. डॉक्टर आले, आतून तपासलं, कुठे फाटलं नव्हतं. रक्त द्यायला पुढे न्यायलाच पाहिजे होतं. १०८ आली.

गाडीत मी तिच्या पायांशी बसले. एक हात आत, मूठ करून. दुसरा पोटावरून. दोन्हींच्या मध्ये पिशवी दाबून धरलेली. चाळीस मिनिटांचा रस्ता. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या. वीस मिनिटांनंतर माझ्या हातांना मुंग्या आल्या, मग ते माझे वाटेनात. जागा बदलता येत नव्हती, दाब सोडला की खाली उष्ण लागायचं. डॉक्टर नाडी धरून होते. ती शुद्धीवर होती. मध्येच डोळे उघडून म्हणाली, "सिस्टर, आजचा खाडा पडंल का वो? मालकाला म्हनावं, मुकादमाला सांग." मी म्हटलं, "तू फक्त डोळे उघडे ठेव माय, माझ्याकडं बघ." मी मूळची तिकडची नाही, पण त्या वेळी तोंडातून 'माय'च आलं.

पोचलो तेव्हा पिशवी आकसत होती. मला ती मुठीभोवती हळूहळू आवळताना कळली. आधी नाक, मग हनुवटी. तिला तीन पिशव्या रक्त दिलं. ती जगली. मला उजवा हात दोन दिवस वेणी घालायलाही वर नेता येत नव्हता. नवऱ्याने विचारलं, काय झालं, तर सांगता सांगता रडायलाच आलं. भीती त्या रात्री नव्हती, ती दोन दिवसांनी आली.

प्रत्येक वेळी असं होत नाही. जिथे हाताने काहीच करता येत नाही असंही असतं.

बाई सांगते, "कालपासून हलत नाहीये." आपण डॉपलर, म्हणजे बाळाचे ठोके ऐकवणारं यंत्र, लावतो. खरखर, खरखर, मग एकदम ठोके. तिच्या डोळ्यांत उजेड येतो. तेव्हा माझ्या दुसऱ्या हाताचं बोट तिच्या मनगटावर असतं. डॉपलरमधला ठोका आणि बोटाखालची नाडी एकाच ठेक्यात असतील तर तो ठोका आईचा आहे. बाळाचे मिनिटाला एकशेदहा ते एकशेसाठ, घोडा पळाल्यासारखे. हे नव्वद. सावकाश. मी डॉपलर फिरवत राहते, इकडे, तिकडे, खाली, कारण तो थांबवला की तिला कळेल. पण किती फिरवणार?

आणि तिला तरीही कळा द्याव्याच लागतात. सगळ्या, कपाळापर्यंतच्या. शेजारच्या टेबलावरचं बाळ रडतं तेव्हा ती माझ्याकडे बघते. पूर्वी आम्ही घाईघाईने तिचं गेलेलं बाळ कापडात गुंडाळून बाहेर नातेवाइकांकडे द्यायचो. "दाखवू नका तिला, झुरेल" असं घरची मोठी माणसं सांगत. आम्हालाही ते सोपं होतं. एकदा एक बाई आठ महिन्यांनी परत आली, पुन्हा दिवस गेले म्हणून तपासायला. तपासून झाल्यावर उठता उठता तिने विचारलं, "सिस्टर, त्याला केस होते का?" आठ महिने ती तेवढाच प्रश्न घेऊन जगत होती. मला आठवलं. होते. दाट काळे, कानावर आलेले. मी सांगितलं. ती बराच वेळ बसून राहिली.

तेव्हापासून मी घरच्यांना नाही, तिलाच विचारते. बघायचंय का, घ्यायचंय का. नको म्हणाली तर नको. घ्यायचं म्हणाली तर बाळाला पुसते, टोपडं घालते, जिवंत बाळाला देते तसंच मानेखाली हात ठेवून देते. आणि अजून एक सांगते, जे तिला दुसरं कुणी सांगत नाही: तिसऱ्या दिवशी दूध उतरेल. छाती भरून येईल, दुखेल. घाबरू नकोस, तुझं काही चुकलेलं नाही, शरीराला अजून कळलेलं नाही.

शासनाने आमच्या कामाकडे बघितलंच नाही असं मी म्हणणार नाही. २०१६ पासून बाळंतपणात सोबत एका बाईला आत राहू द्या म्हणून केंद्राने सांगितलं, २०१७ च्या शेवटी लेबर रूम सुधारण्याचा 'लक्ष्य' कार्यक्रम आला, पडदे आले, दोन टेबलांच्या मध्ये आडोसा आला, सन्मानाने वागवण्याचं प्रशिक्षण आलं. मांडीवरची चापट आता शिक्षेस पात्र आहे, आणि असायलाच हवी. आई नाहीतर सासू आत आली की निम्मं ओरडणं कमी होतं हे मी स्वतः बघितलं आहे. पण त्याचबरोबर रजिस्टरं वाढली, ऑनलाइन नोंदी वाढल्या, फोटो पाठवायचे वाढले. रात्री दोघींच्या जागी एकटी असते तेव्हा पार्टोग्राफ बाळंतपण झाल्यावर बसून भरला जातो. सगळे चौकोन सुरेख काळे. तो कागद मी बघितला की ओळखते. त्या चौकोनांखाली कुणाचा हात नव्हता. त्या एकट्या सिस्टरवर मला रागावता येत नाही. मला तिच्या शेजारी अजून एक सिस्टर हवी आहे. सव्वीस वर्षांत मी वरच्या लोकांकडे दुसरं काही मागितलेलं नाही.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. रात्रपाळी संपत आली होती. पहाटे तीनला आलेली एक पहिलटकरीण, सकाळी पावणेआठला आठ सेंटिमीटर. आई नव्हती तिला, आत्या आली होती, ती भिंतीशी बसून पेंगत होती. पाच तास मी येऊन-जाऊन तिच्यापाशीच होते. शेवटी शेवटी ती काही बोलत नव्हती, फक्त कळ आली की माझी करंगळी आणि शेजारचं बोट पकडायची. तेवढीच दोन. आठला सकाळच्या सिस्टर आल्या. मी पायथ्याशी उभी राहून ओव्हर दिला: पहिली खेप, पाणी सहाला गेलं, स्वच्छ, ठोके एकशेचाळीस, दहा मिनिटांत चार कळा, पंचेचाळीस सेकंद. मग तिला म्हटलं, "बाळा, मी आता जाते, या सिस्टर माझ्यापेक्षा चांगल्या आहेत." तिने मान हलवली, बोटं सोडली नाहीत. कळ चालू होती. ती पुरती ओसरेपर्यंत थांबले. मग तिची मूठ एकेक बोट करून सोडवली आणि सकाळच्या सिस्टरच्या हातात दिली. त्यांनी दुसरा हात तिच्या पोटावर ठेवला आणि घड्याळाकडे बघितलं.

घरी जाऊन झोप लागली नाही. रात्री आठला ड्युटीवर आले, एप्रन चढवायच्या आधी रजिस्टर उघडलं. ९ वाजून २५ मिनिटं. मुलगी. २ किलो ८०० ग्रॅम. लगेच रडली. टाके नाहीत.